एक घर पुढे म्हणजे नक्की किती पुढे?

वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळ

या वेळी बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे बहुतेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारलीय, की पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली असताना आपली प्यादी समोरच्यापेक्षा पुढे असणं, म्हणजे कोच लोक ज्याला "स्पेस" म्हणतात ते, त्याचा खरंच काही फायदा असतो का नुसतं बोलायचं असतं. आता जागेचं महत्त्व मी ठाणे-नवी मुंबईकरांना काय सांगणार, आपण लोक लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवायला मिळालं तरी दिवस चांगला गेला म्हणतो. पण पटावर ही चौथी सीट कधी कामाची आणि कधी अंगाशी येणारी, ते नीट बघूया. घरांची नावं नेहमीसारखीच, पांढरा खालून वर जातो, रांगा एक ते आठ खालून वर, ए ते एच डावीकडून उजवीकडे. पट समोर मांडून वाचा, नुसतं वाचून डोक्यात शिरणार नाही, माझ्याही शिरत नाही.

सर, मागच्या रविवारी वाशीला रॅपिड टूर्नामेंट होती. माझा पांढरा राजा सी४, प्यादं ई४. समोरच्याचा राजा डी६, प्यादं ई५. चाल माझी. मी त्याचं प्यादं मारलं तरी ड्रॉ झाली. बाजूच्या बोर्डवर माझ्या मित्राची सेम पोझिशन होती फक्त सगळं एक घर पुढे, म्हणजे राजा सी५, प्यादं ई५, काळा राजा डी७, प्यादं ई६. तो जिंकला आणि येताना ट्रेनमध्ये वाशीपासून ठाण्यापर्यंत मला चिडवत होता. माझी चूक कुठे झाली?
(इयत्ता सातवी, नौपाडा, ठाणे)

अरे तुझी चूक काहीच झाली नाही! मित्राला सांग की तू माझ्या जागी असतास तर तुझीपण ड्रॉच झाली असती. हा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण दोन बोर्ड शेजारीशेजारी लागून हा फरक असा दिसणं म्हणजे लॉटरीच, मी शिकवताना ही पोझिशन मुद्दाम मांडतो.

आधी मित्राची गेम बघ. त्याचा राजा बी६ ला गेला असणार, काळा डी८. मग सी६, काळा ई७ ला येऊन ई६ सांभाळतो. राजा सी७, काळा ई८. राजा डी६, काळा एफ७. राजा डी७, आणि आता काळ्याला ई६ सोडावंच लागतं, कारण ई७ आणि ई८ वर पांढरा राजा नजर ठेवून आहे आणि एफ६ वर ई५ चं प्यादं. समज काळा एफ८ ला गेला, पांढऱ्याने ई६ चं प्यादं खाल्लं, काळा ई८ ला येऊन मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभा राहिला, म्हणजे ऑपोझिशन घेतली, आता ज्याची चाल त्याला वाट सोडावी लागते. तरी उपयोग शून्य. राजा डी६, काळा डी८, प्यादं ई६, काळा ई८, प्यादं ई७, काळा एफ७, राजा डी७ आणि वजीर झाला. पांढरा राजा सहाव्या रांगेत आणि त्याचं प्यादं लगेच पाठीमागे पाचव्या रांगेत, असं झालं की चाल कुणाचीही असो, ऑपोझिशन कुणाकडेही असो, जिंकतोच. फक्त ए आणि एच ची प्यादी सोडून, त्यांचं दुखणं वेगळं आहे, खाली येतंच.

आता तुझी गेम, तोच मार्ग एक घर खाली. राजा बी५, काळा डी७. सी५, ई६. सी६, ई७. डी५, एफ६. डी६, आणि इथे तुझ्या समोरच्याने एफ७ केलं ना? त्याला शाबासकी द्यायला हवी, कारण तेवढी एकच खेळी वाचवते, जी५, जी६, जी७ काहीही केलं असतं तर हरला असता. तू ई५ खाल्लंस, तो ई७ ला आला, समोरासमोर. तुझा राजा ई५, प्यादं ई४, चाल तुझी. आता तू डावीकडे गेलास की तो डावीकडे, उजवीकडे गेलास की उजवीकडे, प्यादं पुढे ढकललंस की तो प्याद्यापुढे येऊन बसतो आणि शेवटी एकतर तुझं प्यादं जातं नाहीतर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण करायला एकही चाल नाही, म्हणून ड्रॉ. पाचव्या रांगेतल्या राजाला ऑपोझिशन लागते, सहाव्या रांगेतल्याला लागत नाही. एवढ्या एका घरासाठी सगळा खेळ.

आणि याची दुसरी बाजू तर अजून मजेशीर आहे जी मुलांना कुणी सांगत नाही. मित्राच्या पोझिशनमध्ये उलटं झालं असतं, म्हणजे काळ्यानेच त्याचं ई५ खाल्लं असतं, तर? काळा राजा ई५, त्याचं प्यादं ई६. पांढरा राजा तेवढ्यात ई३ ला पोचला की समोरासमोर, चाल काळ्याची, आणि आता काळ्याची अवस्था बरोब्बर तुझ्यासारखी, प्यादं जास्त असून ड्रॉ. म्हणजे बघ, ई५ वाल्याने ई६ जिंकलं तर गेम जिंकला, आणि स्वतःचं ई५ गमावलं तरी राजा वेळेत मागे असेल तर अर्धा पॉइंट. काळ्याला एकही चूक परवडत नाही, पांढऱ्याला एक परवडते. मी तरी स्पेसचा अर्थ एवढाच घेतो, बाकी "पोझिशनवर दबाव" वगैरे शब्द मला कधी कळले नाहीत.

लक्षात ठेवायला अजून एक. ई५ आणि ई६ अशी प्यादी डोक्याला डोकं लावून अडकली की पांढऱ्या राजासाठी बी६, सी६, डी६ आणि दुसऱ्या बाजूला एफ६, जी६, एच६ ही सहा घरं म्हणजे किल्ल्या. यातल्या एकावर राजा पोचला, आणि काळा राजा आपल्या ई५ ला जाऊन भिडलेला नसेल, की ई६ पडणार. म्हणून तुझ्या मित्राने आधी डी६ कडे धाव न घेता लांबून बी६ चा रस्ता धरला, समोरून दार बंद असेल तर मागच्या गल्लीतून. हे मात्र त्याने चांगलं खेळलं, तेवढं त्याला सांग.

आमचा तलावपाळीला रोज संध्याकाळी पट लागतो. एक मित्र म्हणतो एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा, आला की प्यादी पळवत सुटायचं, दुसरा म्हणतो प्यादं एकदा पुढे गेलं की मागे येत नाही, म्हणून शक्यतो घरीच ठेवा. यावरून रोज भांडण. तुम्ही एकदाचं सांगून टाका.
(निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे पश्चिम)

काका, भांडण मिटवायला आलो आणि वाढवून जाणार असं दिसतंय कारण दोघंही बरोबर आहेत. वरचं उत्तर पहिल्या मित्राच्या बाजूचं आहे, आता दुसऱ्याची बाजू घेतो.

ही पोझिशन उद्या कट्ट्यावर मांडा. पांढरा राजा डी६, प्यादं ई५. काळा राजा एफ५, प्यादं ई६. दोन्ही राजे समोरच्याच्या प्याद्याला खेटून उभे आणि त्याच जागेवरून आपलं प्यादंही सांभाळतायत. यात ज्याची चाल तो मेला, राजा हलला की प्यादं गेलं. पांढऱ्याकडे स्पेस आहे ना, असू दे, त्याचा राजा पार पुढे निघून गेलाय, ई५ पडल्यावर तो ई३ ला परत यायला वेळच नाही, म्हणजे वरचा अर्ध्या पॉइंटचा विमा इथे चालत नाही. अशा वेळी सगळा निकाल दुसऱ्याच कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फालतू प्याद्यांवर लागतो, कुणाकडे एक फुकट चाल शिल्लक आहे त्यावर.

म्हणून आता याच पोझिशनमध्ये एच पट्टीवर, म्हणजे एच च्या उभ्या ओळीत, एकेक प्यादं ठेवा, पांढऱ्याचं एच४ वर, काळ्याचं एच७ वर म्हणजे आपल्या मूळ घरी, अजून हललंच नाही असं. चाल पांढऱ्याची असेल तर तो एच५ करतो, काळा एच६ करतो, प्यादी अडकली, परत चाल पांढऱ्याची, हरला. बरं मग चाल काळ्याची धरा, तो काय करेल? एच६ केलं तर पांढरा एच५ करून त्यालाच अडकवेल, पण तो एच६ करतच नाही, तो थेट दोन घरं उडी मारून एच५ करतो! प्यादी अडकली, चाल पांढऱ्याची, हरला. म्हणजे चाल कुणाचीही असो काळा जिंकतो, आणि का, तर त्याचं एच चं प्यादं घरी बसून होतं, त्याला एक घर जायचं की दोन हे ठरवायची मुभा शिल्लक होती. हेच काळं प्यादं आधी कधीतरी उगाच एच६ ला आलेलं असतं तर ज्याची चाल तो जिंकला असता, कारण मध्ये एकच घर उरतं.

तुमचा दुसरा मित्र आत्ता टाळ्या वाजवत असेल. थांबवा त्याला. आता पांढऱ्याचं प्यादं एच४ ऐवजी एच५ वर ठेवा, काळ्याचं तिथेच एच७ वर आणि चाल पांढऱ्याची. तो एच६ करतो, काळ्याचं प्यादं घरातल्या घरात कोंडलं गेलं, दोन घरांची उडी गेली, एक घरही गेलं, आता काळ्याला राजा हलवावा लागतो आणि ई६ पडतं. काळा राजा जी५ ला जाऊन एच६ खायला गेला तरी पांढरा राजा ई६ खाऊन एफ७ ला जातो आणि ई चं प्यादं धावत सुटतं, काळ्याला पोचायला वेळ नाही. म्हणजे इथे प्यादं जेवढं जास्त पुढे तेवढं बरं!

मग करायचं काय. माझा स्वतःचा हिशोब असा आहे की ज्या बाजूला राजे भिडलेत तिथली प्यादी पुढे असलेली चांगली, आणि लांबच्या बाजूला जिथे कुणाचं लक्ष नाही तिथली प्यादी शक्यतो घरी ठेवावी, तिथे चाली साठवायच्या असतात, घरात सुट्टे पैसे ठेवतो ना तसे, रिक्षावाल्याकडे सुट्टे कधीच नसतात. आणि लांबच्या बाजूला पुढे जायचंच असेल तर अर्धवट जाऊ नये, समोरच्याला कोंडून टाकण्याइतकं जावं. एच४ हे वाईट कारण ना घरी ना समोरच्याच्या दारात. कॉलेजात असताना एका मॅचमध्ये मी अशीच दोन्हीकडची प्यादी हौसेने चौथ्या रांगेत आणून ठेवली होती, स्कोअरशीट अजून आहे माझ्याकडे, बघवत नाही.

ट्रेनमध्ये फोनवर ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट गेम, खेळतो. माझी ए७, बी७, सी७ आणि त्याची ए५, बी५, सी५, राजे दोघांचेही दुसऱ्या टोकाला. मी निवांत होतो, तीनास तीन, कोण काय करणार. त्याने बी६ केलं आणि तीन चालींत मी संपलो. हे काय होतं?
(आयटीवाला, ऐरोली)

हे होतं घरफोडी! बी६ केल्यावर तुम्ही ए ने खाल्लं तर तो सी६ करतो, ते बी ने खाल्लं तर ए६, आणि ए पट्टी रिकामी. तुम्ही सी ने खाल्लं तर तो ए६ करतो, ते बी ने खाल्लं तर सी६, आणि सी पट्टी रिकामी. तीनातली दोन प्यादी दान करून एक वजीर. तुमच्या हातात एक चाल असती तर मधलं बी६ स्वतःच करायचं होतं, ए६ किंवा सी६ नव्हे, मधलंच.

पण याचा आजच्या विषयाशी जो संबंध आहे तो जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे हे सगळं तो पाचव्या रांगेत होता म्हणून. त्याचं ए६ झालं, तुम्ही बी५ केलंत, ए७, बी४, ए८ वर वजीर, आणि तुमचं प्यादं अजून बी४ वर, तीन चाली लांब. आता सगळं एक घर खाली घ्या, पांढऱ्याची ए४, बी४, सी४ आणि काळ्याची ए६, बी६, सी६. तेच दान करून बघा. बी५, ए ने खाल्लं, सी५, बी ने खाल्लं, ए५ आणि पळाला. पण आता तुमचं बी५ चं प्यादंही एक घर पुढून निघालंय आणि त्याचं एक घर मागून. बी४, ए६, बी३, ए७, बी२, त्याचा वजीर, लगेच तुमचाही वजीर. एक घर खाली सरकवलं की त्याला एक चाल जास्त लागते आणि तुम्हाला एक कमी, म्हणजे फरक दोन चालींचा, ब्लिट्झमध्ये हे डोळ्याला दिसत नाही पण घड्याळाला दिसतं. म्हणून समोरच्याची प्यादी तिन्हीच्या तिन्ही पाचव्या रांगेत येताना दिसली की निवांत बसायचं नाही, घणसोली येवो की रबाळे, मान वर करायची नाही.

माझ्या मुलीचं एच६ वर प्यादं, समोरच्याचं एच७ वर. तिने राजा नेऊन एच७ खाल्लं सुद्धा, तरी ड्रॉ. ती रडत होती, मला समजावता आलं नाही.
(एक आई, खारघर)

ताई, हेच ते वर म्हटलेलं वेगळं दुखणं. तिचा राजा एच७ वर गेला, मागे तिचंच प्यादं एच६ वर, आणि काळा राजा एफ७ ला येऊन उभा राहिला की तिच्या राजाला बाहेर पडायला घरच नाही, जी६, जी७, जी८ तिन्ही त्याच्या ताब्यात. ती एच८ ला जाते, तो एफ८, ती प्यादं एच७ ला ढकलते, तो एफ७, स्टेलमेट. पटाच्या काठावर स्पेस असून नसल्यासारखी, कारण राजाला प्याद्याच्या एकाच बाजूने जाता येतं, दुसरीकडे भिंत. तिला सांगा ई किंवा डी पट्टीवर हेच झालं असतं तर ती जिंकली असती. प्यादं ई६ वर आणि समोरचं ई७ खाल्लं, की ते सरळ वजीर. रडण्यासारखं नाही, पण मीही रडलो असतो त्या वयात.

हत्ती किंवा उंट मारामारी करून, म्हणजे एकमेकांचे खाऊन, नुसत्या प्याद्यांच्या एंडगेममध्ये जावं की न जावं, हे आधी कसं ठरवायचं? मला नेहमी वाटतं सोपं होईल आणि मग हरतो.
(कोपरी, ठाणे पूर्व)

सोपं कधीच होत नाही हो, उलट सगळं उघडं पडतं. हत्ती असताना एखादी चाल वाया गेली तर हत्ती सांभाळून घेतो, प्याद्यांच्या एंडगेममध्ये सांभाळायला कुणी नाही.

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली गुकेश आणि डिंग लिरेनची चौदावी गेम आठवा, आपण सगळे ऑफिसात चोरून बघत होतो ती. डिंग पांढरा, एक प्यादं कमी, पण दोघांकडे हत्ती आणि उंट असल्यामुळे ड्रॉ होईल असंच सगळे धरून चालले होते. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली, बहुतेक त्यालाही तुमच्यासारखंच वाटलं असेल. गुकेशने हत्ती घेतला आणि लगेच उंट डी५ ला आणला. आणि इथे जागेचा प्रश्न असा आला की डिंगचा उंट पार ए८ च्या कोपऱ्यात होता, त्या तिरप्या रस्त्यावरून बाजूला व्हायला त्याला घरच नव्हतं, उंटांची मारामारी टळणार नव्हती. उंट गेले, डिंगचा राजा ई३ ला आला, गुकेशचा ई५ ला, समोरासमोर, चाल डिंगची. ५८ चालींत राजीनामा.

तर मारामारीच्या आधी मी काय करतो सांगतो. सगळे मोहरे मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवतो आणि फक्त राजे आणि प्यादी बघतो. पहिलं, अडकलेली प्यादी कुठल्या रांगेत आहेत, माझं पाचव्या-त्याचं सहाव्या असेल तर मला आवडतं, उलट असेल तर हत्ती ठेवतो. दुसरं, लांबच्या बाजूला माझ्या फुकट चाली किती आणि त्याच्या किती, हे अक्षरशः बोटावर मोजतो, मूळ घरी बसलेल्या प्याद्याला एक अधिक धरतो कारण ते एक घर जाईल की दोन ते त्याच्या हातात आहे. तिसरं, मारामारी संपल्यावर चाल कुणाची असेल. हे तिसरं लोक विसरतात, शेवटचा मोहरा कुणी खाल्ला त्यावर ते ठरतं, आणि कधीकधी त्याला खाऊ द्यायचं की आपण खायचं एवढ्यावरच ऑपोझिशन बदलते. घड्याळात एक मिनिटही नसेल तर मात्र मी मारामारी करत नाही, हत्ती ठेवून शह देत बसतो, समोरचा वैतागेपर्यंत.